शेवटच्या घराचा अंगठा

साळवटेक, ता. वेल्हे
२ मार्च २०२५

आदरणीय कुमारमामा,
सविनय जय भीम.

तुम्हाला फोन करणार नव्हते. फोनवर राग आला की माझा आवाज फाटतो, आणि आमच्या टेकावर रेंज अर्ध्या वाक्यात जाते. शिवाय मोबाईलवरून केलेली तक्रार कुणीतरी बटण दाबून बंद करू शकतं, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. पत्र फार तर फाडता येतं. म्हणून जुन्या पद्धतीनं लिहितेय. तुम्ही दिल्लीहून आईला पत्रं पाठवायचात, मी तिसरीपासून ती तिला वाचून दाखवायचे आणि तिचं उत्तरही मीच लिहायचे, तसं.

आमच्या घरासमोर नळ आहे. सिमेंटचा छोटा ओटा, निळा पाईप, पितळी तोटी, आणि ओट्यावर रंगानं लिहिलेलं अण्णांचं नाव. तोटीच्या तोंडाशी गांधीलमाशीनं घर केलंय. सप्टेंबरपासून तिच्यातून थेंब पडलेला नाही. सखूआत्याचं घर आपल्या वस्तीत सगळ्यात वर, शेवटचं. तुम्हाला आठवत असेल, अण्णांची थोरली बहीण. बासष्ट वर्षांची बाई दिवसातून तीनदा भाटघरच्या पाण्यापर्यंत उतरते आणि हंडा घेऊन चढते. धरणाचं पाणी रोज मागं सरकतंय. ज्या पाण्याखाली आमच्या पणजोबांची शेतं गेली, ते पाणी कालव्यानं खाली जातं आणि आमच्या वाट्याला चिखल येतो.

आता ऐका. दिल्लीच्या खात्याच्या संकेतस्थळावर देशातल्या प्रत्येक गावाला एक ठिपका आहे. साळवटेकचा ठिपका हिरवा आहे. घरं सेहेचाळीस, नळ सेहेचाळीस, पाणी शंभर टक्के. मी एकतीस जानेवारीला दिल्लीच्या तक्रार पोर्टलवर मराठीत लिहिलं, फोटो जोडले, तोटीचा आणि रिकाम्या हंड्यांचा. एकवीस फेब्रुवारीला मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपण समाधानी आहात का? एक ते पाच तारे द्या.’

मी तो आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली, “तारं काय हंड्यात भरायचं व्हय?”

बी.ए.ला मला राज्यशास्त्र होतं. पाणी राज्याचा विषय, मोठा पैसा केंद्राचा, काम जिल्हा परिषदेचं, ठराव ग्रामसभेचा. परीक्षेत मी हे कौतुकानं लिहिलं होतं आणि दहापैकी आठ मिळवले होते. आता वाटतं, दोराला चौघांनी हात लावलाय आणि पोहरा कुणाच्याच हातात नाही.

वेल्ह्याच्या पंचायत समितीत म्हणतात, गावच्याच ग्रामसभेनं ठराव करून दिलाय की पाणी आलं. कसला ठराव? गावातले सगळे अर्ज मी लिहिते. पंधरा ऑगस्टच्या सभेला ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या हाताला बँडेज होतं, गाडीवरून घसरले होते, तेव्हा सगळं प्रोसिडिंग बुकही मीच लिहिलं. मला ठाऊक नसलेला ठराव कुठून उगवला?

मामा, तुम्ही त्याच मोठ्या इमारतींमध्ये बसता. माझी तक्रार कुणी बंद केली, एवढं शोधून सांगा. मला त्या माणसाचं नाव हवंय. त्यानं एकदा सखूआत्याबरोबर हंडा घेऊन चढून दाखवावं.

तुमची,
संजीवनी


दिल्ली
१४ मार्च २०२५

प्रिय संजीवनी,
जय भीम.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच गोल आणि सरळ आहे. बरं वाटलं. तुझ्या आईला, मंगलताईला सांग, माझा गुडघा बरा आहे.

तुझा राग समजतो. पण दिल्ली दुरून दिसते तशी नसते, बाळ. तू म्हणतेस ते खातं माझ्या दोन मजले वर आहे, आणि तिथं कुणी दुष्ट माणूस बसलेला नाही. तक्रारी हजारांनी येतात. प्रत्येकीला एकवीस दिवसांची मुदत. मुदत उलटली की ती पडद्यावर लाल होते, आणि सोमवारच्या बैठकीत साहेब लाल आकडा विचारतात. कोणत्या गावाला पाणी मिळालं हे विचारत नाहीत, कारण त्याचा पडदा वेगळा आहे. म्हणून कारकून काय करतो? तक्रार उघडतो, गावचा ठराव उघडतो. ठरावात ‘पाणी आले’ असेल तर ‘अभिलेखानुसार काम पूर्ण’ असं लिहून बंद करतो. कागदाविरुद्ध तोटी असेल तर आमच्याकडं कागद जिंकतो. दिल्लीला तोटी दिसत नाही.

हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. असं आहे, एवढंच सांगतो.

आता दोन गोष्टी ऐक. एक, त्या ठरावाच्या मागं लागू नकोस. कुणी लिहिला, कुणी लिहून घेतला, हे उकरून हाती काही येणार नाही. दुसरं, गावाचे कागद लिहिणं बंद कर. तू कर्मचारी निवडीची परीक्षा पास झाली आहेस, जूनमध्ये कागदपत्रांची पडताळणी आहे. आपल्या घरातली पहिली पदवीधर पोरगी केंद्र सरकारच्या नोकरीत येते आहे. आतून बदल करता येतो. बाहेरून दगड मारून काच फुटते, खिडकी उघडत नाही.

पाण्यासाठी तात्पुरता टँकर मागा. तो अर्ज तहसीलदारांकडं जातो, त्यात दिल्ली येत नाही.

तुझा,
कुमारमामा


साळवटेक
२७ मार्च २०२५

आदरणीय मामा,
जय भीम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आईला वाचून दाखवताना ‘मागं लागू नकोस’ हे वाक्य मी गाळलं. माझ्या मामानं मला हे लिहिलं, हे तिला ऐकवायची लाज वाटली.

सोमवारी सखूआत्या पडली. पाणी जिथं होतं तिथून खाली आता गाळाचा पट्टा आहे. वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की आत जातो. आत्यानं हंडा वाचवायला हात टेकला, मनगट मोडलं. टेम्पोत घालून भोरला नेलं. डॉक्टर प्लास्टर घालताना म्हणाले, “आजी, या वयात कशाला पाणी वाहता? घरी नळ नाही का?”

आत्या म्हणाली, “हाय की. त्येच्यावर माझं नाव बी हाय.”

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

तिथून मी एसटीनं वेल्ह्याला गेले. पंचायत समितीतल्या टेबलावरच्या माणसानं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला.

“ताई, हे बघा, हिरवं. म्हणजे काम झालंय.”

“माझ्याबरोबर चला. तोटी उघडून दाखवते.”

“तोटी बघायची सोय नाही आमच्यात. फोटो आणि ठराव बघायचा असतो.”

“मग फोटो खोटा असेल तर?”

“खोटा कशाला असेल? पाणी पडतंय बघा की फोटोत!” आणि त्यानं दाखवला. खरंच पाणी पडतंय. आत्याच तोटीखाली हंडा धरून उभी आहे, डोक्यावर इरलं, मागं धुकं. मला तो दिवस आठवला. ऑगस्टमध्ये ठेकेदाराच्या माणसांनी डोंगरातल्या ओढ्याला पाईप जोडला होता आणि नळाला महिनाभर पाणी आलं होतं. मामा, तुम्हाला वेल्ह्याचा पाऊस माहीत आहे. त्या दिवसांत आमच्याकडं भिंतीलाही पाझर फुटतो. धरणाच्या काठची विहीर आणि पंप, ज्यावर सगळी योजना उभी आहे, त्याला अजून वीजच नाही. ओढा आटला, नळ संपला. पण फोटो काढून झाला होता.

ओल्या श्रावणात काढलेल्या फोटोवर दिल्ली फाल्गुनात आम्हाला पाणी पाजते!

आणि एवढ्यावर भागलं नाही. सरपंच मानसिंगदादांना पत्र आलंय की साळवटेकला ‘जलसंपन्न गाव’ म्हणून सन्मानपत्र मिळणार. वेशीवर फलक लावायचाय. दादा रंगाऱ्याला शोधतायत.

मी माहिती अधिकारात ठरावाची प्रत मागितली आहे. तुम्ही ‘उकरू नकोस’ म्हणालात म्हणून तर नक्कीच. मामा, खरं सांगा, तुम्ही कुणाला वाचवताय? भाऊसाहेबांना? ठेकेदाराला? की दोन मजले वरच्या त्या कारकुनाला? तुमच्या ओळखीचा आहे का तो? रोज त्याच्याबरोबर चहा पिता का? मग त्याला सांगा, आमच्या आत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, आणि ती डाव्या हातानं तारे मोजतेय.

आतून बदल करता येतो म्हणता. तुम्ही बत्तीस वर्षं आत आहात.

संजीवनी


दिल्ली
५ एप्रिल २०२५

प्रिय संजीवनी,

तुझी तक्रार मी बंद केली.

दोन मजले वर कुणी नाही. तक्रार कक्षात माझंच टेबल आहे. घरी मी ‘सरकारात साहेब’ आहे. खरं तर बत्तीस वर्षांत चार टेबलं बदलली आणि हे शेवटचं. मराठीतल्या तक्रारी माझ्याकडं येतात, कारण या मजल्यावर मराठी वाचणारा मी एकटाच.

साळवटेक हे नाव दिसलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो. तुझं नाव वाचलं. तोटीचा फोटो पाहिला. मला वाटलं, ही एक तक्रार तरी मी नीट पुढं ढकलीन, राज्याला कडक पत्र लिहीन. मग नेहमीप्रमाणं ठराव उघडला.

संजीवनी, तो ठराव तुझ्या अक्षरात आहे.

तू तिसरीत असल्यापासूनची तुझी पत्रं माझ्या पेटीत आहेत. ओळीखाली पट्टी ठेवून लिहिल्यासारखं ते अक्षर मी कुठंही ओळखीन. ‘गावातील सर्व सेहेचाळीस कुटुंबांना नळाद्वारे नियमित व पुरेसे पाणी मिळत असल्याची ही सभा खात्री करत आहे.’ खाली सह्या आणि अंगठे. लेखक म्हणून तुझं नाव नाही, भाऊसाहेबांची डाव्या हातानं केलेली सही आहे. पण चौकशी लागली तर पहिला प्रश्न हाच येणार, हे कुणाचं अक्षर? आणि जूनमध्ये तुझी पडताळणी. खोटा शासकीय दाखला लिहिणारी मुलगी, असा एक शेरा पुरे असतो.

मी ठराव मिटला, तक्रारीवर परत आलो. मग बंद केली. त्या सोमवारी आमच्या कक्षाचा लाल आकडा शून्य होता. साहेबांनी पेढे मागवले. मी एक खाल्ला.

तुझ्यासाठी केलं, असं लिहिणार होतो. पण सखूबाईच्या हाताबद्दल वाचल्यावर तसं लिहवत नाही.

कुमारमामा


साळवटेक
१४ एप्रिल २०२५

मामा,
जय भीम.

तुमचं पत्र आणि माहिती अधिकारातली प्रत एकाच दिवशी आली. पोस्टमन म्हणाला, “दोन दोन टपाल, नोकरी लागली वाटतं!”

अक्षर माझंच आहे. नाकारायला जागा नाही. आता तो दिवस मला तासातासानं आठवतो. सभा संपली होती, शाळेत जिलेबी वाटत होते. भाऊसाहेब बँडेजचा हात छातीशी धरून मला सांगत होते आणि मी लिहीत होते, झेंडावंदन, झाडं लावणं, अंगणवाडीचा पत्रा बदलणं. चौथा ठराव आला तेव्हा मी थांबले होते, हे मी शपथेवर सांगते. म्हटलं, “भाऊसाहेब, पंपाला वीज नाही. नियमित कसं लिहू?” ते म्हणाले, “आज नळाला पाणी आहे ना? मग आहे असंच लिहायचं. हा कागद गेल्याशिवाय विजेचं काम पुढं सरकत नाही ताई. पद्धतच तशी आहे.” आणि मी लिहिलं. मला वाटलं, मी गावासाठी वीज आणतेय. शिवाय अक्षराचं कौतुक झालं. मानसिंगदादा सगळ्यांदेखत म्हणाले, “शिकलेली पोर पाहिजे ती अशी!” मामा, मला ते फार आवडलं होतं.

मग मी तो ठराव विसरले. मी तर ‘चाचणी झाली’ एवढंच लिहिलंय असं आठ महिने धरून चालले. कुणाला शिव्या देत होते मी!

तुमच्यावर राग आहेच. तो कमी झालेला नाही. तुम्ही मला वाचवायला सेहेचाळीस घरं सुकी ठेवलीत, आणि मला विचारलंही नाहीत. पण आता माझ्यावर जास्त आहे.

काल आत्याकडं गेले आणि सगळं वाचून दाखवलं. ठरावाखाली तिचा अंगठा तिसरा आहे. मला वाटलं, ती मला घराबाहेर काढेल. तिनं चुलीत काटकी सारली आणि म्हणाली, “तू लिवलंस, म्या अंगठा दिला. तुला वाचाय येत हुतं, मला डोळ्यानं दिसत हुतं. आता रडाय कशाला बसलीस? खोडता येतं का त्ये बघ.”

तेच मी बघणार आहे. एक मेच्या ग्रामसभेत मी नवा ठराव मांडणार. जुना ठराव चुकीचा होता, तो मी लिहिला, आणि का लिहिला. तुम्ही माझी तक्रार पुन्हा उघडा.

आज सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हार घालताना सगळी वस्ती होती. सगळ्यांनी मला काही ना काही अर्ज लिहायला सांगितला, नेहमीसारखा. मी पहिल्यांदा प्रत्येकाला आधी मोठ्यानं वाचून दाखवला आणि मगच सही घेतली. वेळ लागला. लागू दे.

आणि तुमच्या साहेबांना हेही सांगा, कारण मला कुणी विचारत नसलं तरी मी विचार केलाय. पाण्याचा दाखला पावसात घेऊच नका, वैशाखात घ्या. सरपंचाच्या घरी घेऊ नका, पाईपच्या टोकाला जे शेवटचं घर असेल तिथं घ्या. तक्रार कारकुनानं बंद करायची नाही, जिनं केली तिनंच करायची. आणि सोमवारी लाल आकडा किती असं विचारण्याऐवजी, लाल का, असं विचारा. याला नवा कायदा लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. एवढा मोठा देश चालवणाऱ्यांना हे सुचत नाही असं मला वाटत नाही. सुचत असूनही ते करत नाहीत, याचा मला संताप येतो.

संजीवनी


दिल्ली
२६ एप्रिल २०२५

प्रिय संजीवनी,
जय भीम.

तुझ्या पत्रानंतर चार दिवस मी काहीच केलं नाही. पाचव्या दिवशी टिपण लिहिलं. ‘सदर तक्रार मी प्रत्यक्ष पडताळणी न करता बंद केली. तक्रारदार माझी भाची आहे, हे मी तेव्हा नोंदवलं नाही. तक्रार पुन्हा उघडावी, गावाची स्थिती दुरुस्त करावी.’ खाली पूर्ण सही केली. बत्तीस वर्षांत ‘मी’ हा शब्द फाईलवर पहिल्यांदा लिहिला. आमच्याकडं ‘करण्यात आले’ असं लिहितात, म्हणजे कुणीच केलेलं नसतं.

साहेबांनी टिपण वाचलं, चष्मा काढला. “कुमारजी, लालचं हिरवं करणारे पुष्कळ पाहिले. हिरव्याचं लाल करायला निघालेले तुम्ही पहिलेच.”

मग आम्ही दोघं कॉम्प्युटरवाल्यांकडं गेलो. पोरगा चांगला होता. बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, “सर, हिरव्यावरून परत मागं जायचं बटणच नाहीये. कुणी मागितलंच नव्हतं.”

देशभराच्या गावांचा पडदा बनवला आणि पाणी जाऊही शकतं, हे कुणाच्या मनात आलं नाही. किंवा आलं आणि सोयीचं वाटलं नाही. तुझ्या वयात असतो तर मी तिथं ओरडलो असतो. आता फक्त कान तापले. पण तापले, हे तुला कळवतो.

तक्रार उघडली आहे. ते बटण तो पोरगा घालून देतोय, पण ठिपका बदलायला राज्याकडून ग्रामसभेचा नवा ठराव लागेल. तेव्हा एक मेचा तुझा कागद आता दिल्लीला खरोखर हवा आहे. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे, उत्तर लिहितो आहे. निवृत्तीला चौदा महिने आहेत, फार काही जाणार नाही. तुझं जाऊ शकतं. अजूनही सांगतो, ठरावात स्वतःचं नाव घालू नकोस. ‘नजरचुकीने लिहिण्यात आले’ एवढं पुरतं.

तुझ्या सूचना साहेबांना दिल्या. ‘विचाराधीन’ असा शिक्का मारून त्यांनी त्या फाईलला लावल्या. या शिक्क्याचा अर्थ तुला आता सांगायला नको.

कुमारमामा


साळवटेक
२२ मे २०२५

आदरणीय मामा,
सविनय जय भीम.

नाव घातलं. ‘दिनांक पंधरा ऑगस्टचा ठराव असत्य आहे. तो मी, संजीवनी गेनबा ओव्हाळ, हिने माझ्या हाताने लिहिला.’ पडताळणीचं पत्र आलंय, अठरा जून. विचारलं तर हेच सांगेन. ‘लिहिण्यात आले’ असं लिहून मला नोकरीत यायचं नाही.

सभा कशी झाली ते सांगते. मानसिंगदादा उभे राहिले. “दिल्लीपर्यंत गावाचं नाव गेलं हुतं. फलकाचा रंग आणलाय म्या! ह्या पोरीनं नावाला काळं फासलं.”

खालच्या आळीतल्या भामाबाई, ज्यांच्या घरी ट्रॅक्टरनं पाणी येतं आणि ज्या कधी सभेत बोलत नाहीत, त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “नाव पिऊन भागतंय व्हय रं मानसिंगा? मग तुझा ट्रॅक्टर कशाला पाठवतोस धरणावर?”

लोक हसले. दादाही अर्धवट हसले. भाऊसाहेब मात्र घामाघूम झाले होते. ते हळूच म्हणाले, “ताई, मलाही वरून तारीख होती हो. पंधरा ऑगस्टच्या आत जिल्हा पूर्ण दाखवायचा होता.” पहिल्यांदा मला त्यांची दया आली, आणि त्यामुळं त्यांच्या वरच्यांचा आणखी राग आला.

ठरावात मी एक ओळ जादा घातली होती. पाण्याचा कुठलाही कागद असेल तर पहिली सही शेवटच्या घराची, आणि ती त्या घरातच बसून घ्यायची. पाण्याचं बुकही तिथंच राहील. पाण्याच्या नोंदींसाठी वेगळं बुक केलं, आणि ठराव मंजूर झाला. काहींनी गंमत म्हणून हात वर केले असतील. पण केले.

नऊ मे रोजी आमचा ठिपका लाल झाला. मी तो मोबाईलवर सगळ्यांना दाखवला. पोरं म्हणाली, वाईट झालं का? मी म्हटलं, नाही, खरं झालं.

तहसीलदारांकडं अर्ज दिला होता, बारा तारखेपासून टँकर येऊ लागला. तो खालच्या आळीपर्यंत येतो, तिथून पाईप लावतात, आणि पाईप आमच्या वस्तीच्या निम्म्यात संपतो. चौदा तारखेला भरदुपारी भाऊसाहेब आमच्या दारात. “संजीवनीताई, नोंद करायची होती. तुमचं अक्षर छान आहे. लिहा, टँकर नियमित, सर्व कुटुंबांना पुरेसे पाणी.”

मामा, तेच शब्द. मला वाटलं, पेन त्यांच्या अंगावर फेकावं.

मी म्हटलं, “बुक वर आहे. आत्याच्या घरात.”

ते उन्हात चढले. मी मागं. वर पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. आत्या दारात बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर. भाऊसाहेब म्हणाले, “आजी, आधी घोटभर पाणी द्या.”

आत्या उठली. हंड्यात तळाला होतं ते फडक्यातून गाळलं आणि अर्धा पेला भरला. धरणाचं पाणी, मातकट. ते त्यांच्या हातात देऊन ती समोर बसली. त्यांनी पेल्यात बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि प्यायले. सगळं प्यायले. मग बुक उघडलं.

“अंगठा द्या आजी.”

“हंडा भरला की दीन. आज न्हाई भरला.”

“अहो, वर उत्तर द्यायचंय मला.”

“मग त्येंना बी हितंच बोलवा. पेला हाय आणखी एक.”

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘शेवटच्या घरी पाणी पोचले नाही.’ त्यांचं अक्षर वाईट आहे, पण त्या नव्या बुकाची ती पहिली ओळ आहे. दोन दिवसांनी टँकरबरोबर आणखी दोन पाईप आले.

सोळा तारखेला आत्याच्या दारात हंडा भरला. मी तिथंच होते. तोंडापर्यंत भरला, वरून सांडला, आणि ती सांडू नको म्हणून ओरडली. भाऊसाहेबांनी बुक पुढं केलं आणि लिहायला घेतलं, ‘पाणी मिळत आहे.’

आत्या म्हणाली, “आधी वाच काय लिवलंस.”

त्यांनी वाचलं.

“तसं न्हाई. लिव, आज मिळालं. उद्याचं उद्या.”

त्यांनी खोडलं आणि तसं लिहिलं. मग तिनं डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला. तेव्हापासून टँकर आला की ते चढतात. आजवर पाच अंगठे झाले आणि एक दिवस कोरा आहे. त्या दिवशी टँकर आला नव्हता.

पंपाला अजून वीज नाही. विजेच्या लोकांना आमचा नवा ठराव पुरत नाही म्हणे, वेगळं पत्र लागतं. मी ते मिळवीन. माझा राग अजून पुरून उरेल एवढा आहे.

पोर्टलवरून काल पुन्हा मेसेज आला होता, ‘आपली तक्रार बंद करण्यास आपली संमती आहे का?’ मामा, हा प्रश्न आधी नव्हता. तुम्ही घालायला लावलात का? मी बुक बघितलं आणि ‘नाही’ दाबलं.

तुमची,
संजीवनी